ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाला निधी हवा? अर्जाआधी वजनकाटा घ्या

आमच्या भागातल्या एका उद्यानाच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक यंत्र उभं आहे. ओला कचरा बारीक करून त्यात भुसा आणि कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) मिसळणारं. सार्वजनिक पैशातून ते आलं, नारळ फुटला, फोटो निघाले आणि पाच महिन्यांत ते थांबलं. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. ते रोज चालवणाऱ्या ताईंचा पगार कुठून द्यायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. भुश्याची पोती संपली तेव्हा नवीन आणायला कुणाकडे पैसे नव्हते. त्या अर्जावर माझीही सही होती.

त्यानंतर आणखी चार अर्जांत मी हात घातला, दोन गावांतले आणि दोन शहरी वस्त्यांतले. तीन प्रकल्प आजही चालू आहेत. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. बांधकामाला आणि यंत्राला पैसा मिळतो, तो मिळवणं फारसं अवघड नाही. रोज सकाळी फावडं हातात घेणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र जवळजवळ कुठलीच योजना पैसे देत नाही. म्हणून तो पगार कुठून येणार हे आधी ठरवायचं आणि मगच अर्जाला हात लावायचा. पुढचं सगळं याच क्रमाने लिहितो आहे.

आधी पंधरा दिवस मोजणी

सभा बोलावण्याआधी, व्हॉट्सॲप ग्रुप काढण्याआधी हे करा. भंगारवाले वापरतात तसला लटकवायचा वजनकाटा आणि एक शंभर पानी वही घ्या. घंटागाडी यायच्या अर्धा तास आधी गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. ज्या घरांनी होकार दिला आहे त्यांचा ओल्या कचऱ्याचा डबा मोठ्या बादलीत ओतून घ्या, वजन करा, बादलीचं वजन वजा करा. वहीत रकाने पाडा: तारीख, किती घरं आली, ओला कचरा किती किलो, त्यातून प्लॅस्टिक आणि इतर नको ते किती निघालं.

पंधरा दिवस सलग, रविवार धरून. रविवारी आकडा वर जातो, मटणाची हाडं आणि कोळंबीची सालं येतात, आणि नेमकं तेच तुमच्या खताच्या हौदाला जड जाणार असतं. महिनाही लिहा. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि कलिंगडाच्या सालींनी वजन फुगतं. गणपतीत निर्माल्य आणि केळीचे खुंट येतात. जानेवारीत मोजलेल्या चाळीस किलोंवर बांधलेले हौद मे महिन्यात अपुरे पडतात, हे मी पाहिलं आहे. चौथाई क्षमता जास्तीची धरा.

या वहीचं खरं मोल अर्ज देताना कळतं. साहेबांच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक अर्जांत ‘परिसरात कचऱ्याची गंभीर समस्या आहे’ एवढंच असतं. तुमच्या अर्जात ‘८४ घरं, सरासरी ४० किलो, त्यात अडीच किलो मिसळलेलं प्लॅस्टिक’ असं असेल, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स असतील, तर तो कागद बाजूला काढून ठेवला जातो. शिवाय पंधरा दिवस उभं राहिल्यावर कुठली घरं साथ देणार आणि कुठली नाहीत, हेही न विचारता समजतं.

एक कायद्याची बाब इथेच तपासा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पासून रोज १०० किलोच्या वर कचरा करणारी मोठी संकुलं, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, ही त्यांची जबाबदारी ठरली. तुमची सोसायटी या टोपलीत बसत असेल तर अनुदानाच्या मागे लागून वेळ घालवू नका, कारण जे करणं तुमचं कर्तव्यच आहे त्याला सार्वजनिक पैसा मिळत नाही. अशा सोसायटीने करातली सवलत पाहावी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. निधी मागायचा तो वस्ती, वाडे, चाळी, छोट्या इमारतींची गल्ली, भाजी मंडई किंवा गाव यांच्यासाठी.

जागा कुणाची, ते कागदावर

सार्वजनिक पैसा खासगी जमिनीवर खर्च होत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर सहा महिने वाचतात. जागा गावात असेल तर सातबारा किंवा गावठाणातला नमुना ८ चा उतारा काढा, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक काढा. मालक ग्रामपंचायत, पालिका किंवा शासन असेल तर पुढे जा. उद्यान, मोकळी जागा, शाळेचं मैदान, मंडईचा मागचा भाग अशा जागा चालतात, पण प्रत्येकीचं खातं वेगळं असतं. उद्यानासाठी उद्यान विभागाचं ना हरकत पत्र लागतं, शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो.

जागेला लागून असलेल्या पाच-सहा घरांची लेखी संमती घ्या. नियमाने ती प्रत्येक ठिकाणी सक्तीची नसते, तरी घ्या. प्रकल्प वासाच्या तक्रारीने बंद पडतात आणि पहिली तक्रार याच घरांतून येते. त्यांना चालू असलेला एखादा चांगला प्रकल्प नेऊन दाखवा, हातात खत द्या, वास घ्यायला सांगा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. ‘कचरा’ म्हटल्यावर शेजारी घाबरले तर त्यांची भीती समजून घ्यायला हवी.

नळ आणि पाण्याचा उतार पाहा. हात-पाय धुवायला पाणी नसलेल्या जागी माणसाला काम करायला लावू नका.

हौद, गांडूळ की गॅस

पद्धत निवडण्यात लोक फार वेळ घालवतात, त्यामानाने हे सोपं आहे. गावात जागा मुबलक आणि शेण, काडीकचरा हाताशी असेल तर नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली ही जाळीदार विटांची टाकी, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं आणि गवंड्याला वेगळं शिकवावं लागत नाही. गांडूळखत उत्तम, पण उन्हाळ्यात सावली आणि ओलावा सांभाळावा लागतो आणि मुंग्या-उंदरांवर लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी नका घेऊ. बायोगॅस तेव्हाच, जेव्हा गॅस वापरणारी चूल पन्नास पावलांवर आहे: वसतिगृह, शाळेतला पोषण आहार, मंगल कार्यालय. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्या-पिठूळ अन्नावर चालणारं छोटं संयंत्र घडवलं, भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ हे मोठं संयंत्र दिलं. दोन्ही चांगली, पण ती रोज ठरावीक खाद्य मागतात, आणि एक आठवडा काच-प्लॅस्टिक आत गेलं तर रुसतात.

शहरातल्या गल्लीसाठी मी जाळीदार हौद सुचवतो. हिशेब असा करा. रोज ४० किलो म्हणजे २० लिटरच्या चार-पाच बादल्या. त्यात तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला. चार फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट खोल हौद हा माल बसत-दबत साधारण पंधरा दिवसांत भरतो. असे सहा हौद असतील तर सहावा भरायला नव्वदावा दिवस उजाडतो आणि तोवर पहिल्याला पिकायला ७५ दिवस मिळालेले असतात. पहिला रिकामा करायचा, चाळायचा, पुन्हा भरायला घ्यायचा. हे चक्र अर्जात आकृती काढून दाखवा. हौद सहाच का, चार का नाहीत, या प्रश्नाला तयार उत्तर असलं की अंदाजपत्रकाला कात्री लागत नाही.

सुक्या पाल्याचा साठा हा प्रकल्पाचा प्राण आहे. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त, आणि कर्ब-नत्राचं प्रमाण तीसाला एकच्या आसपास राहिलं तरच ढीग तापतो आणि वास मारत नाही. पाला पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि त्याची खरी गरज पडते जुलैत, जेव्हा सगळंच चिंब असतं. रस्ता झाडणाऱ्यांशी बोला. जो पाला एरवी कोपऱ्यात जाळला जातो तो पोत्यांत भरून ठेवायला शंभर पोती आणि छपराखाली जागा हवी. या जागेचा खर्च अंदाजपत्रकात धरायचा असतो. बहुतेक जण विसरतात आणि मग पावसाळ्यात भुसा विकत घेत बसतात.

पैसा कुठे असतो: गावात

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ पासून, घनकचऱ्यासाठी गावाला माणशी दर ठरला: पाच हजारांपर्यंत वस्ती असेल तर ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत. यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. म्हणजे २,४०० वस्तीच्या गावाला १,४४,००० रुपयांपर्यंत जागा आहे, त्यातले १,००,८०० मिशनचे आणि ४३,२०० वित्त आयोगाचे. हा आकडा छोटा वाटतो, पण चार नाडेप, एक शेड आणि एक ढकलगाडी यात नीट बसते. गोबरधन योजनेत जिल्ह्यामागे ५० लाखांपर्यंत तरतूद ठरली, पण ती मोठ्या सामूहिक बायोगॅससाठी. शेण मुबलक असलेल्या गावांनी त्यासाठी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात विचारावं.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखीव, ठेवला, त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पाण्यासाठी. आयोग बदलला की टक्केवारीही बदलते. तेव्हा अर्ज लिहायच्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) चालू परिपत्रकाची प्रत मागून घ्या. मागच्या वर्षीच्या परिपत्रकावर केलेला हिशेब पंचायत समितीतून परत येतो.

पण गावात पैशापेक्षा आराखडा मोठा. जे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाही त्याला निधी नाही. हा आराखडा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने होतो, त्याची गडबड साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि हिवाळ्यात तो पोर्टलवर चढतो. म्हणून तुमची पंधरा दिवसांची मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरात व्हायला हवी. ग्रामसभेत उभं राहून वही वाचून दाखवा आणि ठरावाचा मजकूर स्वतः लिहून न्या. इतिवृत्तात ‘कचऱ्याबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलं गेलं तर ते कुठेच चालत नाही. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, पद्धत, अंदाजे रक्कम, देखभाल कोण करणार आणि सूचक-अनुमोदकांची नावं असली पाहिजेत. सभा संपल्यावर दोन दिवसांत ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

देखभाल बचतगटाकडे द्या, हा माझा आग्रह आहे. उमेदच्या गटांतल्या बायकांना हिशेब ठेवायची सवय असते, महिन्याची बैठक ठरलेली असते, बँकेत खातं असतं. आणि त्यांचा मोबदला ठरावातच लिहून घ्या. ग्रामपंचायतीला स्वच्छता कर घेण्याचा अधिकार आहे. घरामागे महिना वीस-तीस रुपये ठरले तर तो पगार दरवर्षी कुणापुढे हात न पसरता निघतो. ‘बायका सेवा म्हणून करतील’ असं कुणी सभेत म्हणालं तर तिथेच उभं राहून विरोध करा.

माझी वसुंधरा आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान या दोन्हींत बक्षिसाची रक्कम चांगली असते, पण ती आधी काम केलेल्यांना मिळते. चालू प्रकल्प असलेल्या गावाने दुसऱ्या वर्षी जरूर उतरावं.

शहरात

पुणे महापालिकेने २००६ साली नागरिकांना अंदाजपत्रकात सहभागी करून घ्यायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात आणि संकेतस्थळावर अर्ज मिळतो, प्रभागातल्या छोट्या कामांसाठी तुम्ही सूचना द्यायची. मुदत बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला असते, आणि ती फार लांब नसते. रस्त्याच्या सूचना ढिगाने येतात, कचऱ्याच्या थोड्या. एकाच कामासाठी वीस-पंचवीस घरांनी वेगवेगळे अर्ज दिले तर यादीत ते काम वर येतं. सूचना देताना काम एका वाक्यात आणि नेमक्या जागेसह लिहा: ‘अमुक उद्यानाच्या पूर्व कुंपणालगत ओल्या कचऱ्याचे सहा जाळीदार हौद व पाल्याची शेड.’ ‘प्रभागात खतनिर्मिती प्रकल्प’ असं लिहिलं तर ते छाननीतच गळतं. इतर शहरांतल्या वाचकांनी आपल्या पालिकेत अशी सोय आहे का ते लेखा विभागात विचारावं, पिंपरी-चिंचवडमध्येही नागरिकांकडून सूचना मागवल्या जातात.

दुसरा रस्ता नगरसेवकांचा. पुण्यात ज्याला ‘स’ यादी म्हणतात त्या निधीतून प्रभागातली छोटी कामं होतात. तिसरा आमदार स्थानिक विकास निधी, महाराष्ट्रात आमदारामागे वर्षाला ५ कोटी, आणि खासदारांचाही ५ कोटी. या दोन्हींत लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेतून होते. तिथे तीन कागद मागतातच: जागेचा उतारा, अभियंत्याचं अंदाजपत्रक, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार याचं हमीपत्र. हे हमीपत्र पालिकेकडून मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा. आणि हा पैसा टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, पगार किंवा भुसा यातून कधीच निघत नाही.

स्वच्छ भारत मिशन (शहरी) २.० चा पैसा पालिकेला मिळतो, नागरिकांच्या गटाला थेट नाही. तरी आरोग्य निरीक्षकांशी संबंध चांगले ठेवा. पालिकेला स्वच्छ सर्वेक्षणासाठी प्रभागात चालू प्रकल्प दाखवायचे असतात, आणि शिल्लक निधीतून डबे, चाळण, श्रेडर अशा वस्तू मिळून जातात.

सोसायट्यांसाठी करसवलत. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत आहे. रक्कम प्रत्येक घराला छोटी दिसते, पण साठ सदनिकांची मिळून बेरीज केली तर माळीकाकांच्या खतकामाचा वरखर्च निघतो. प्रकल्प चालू असल्याची तपासणी होते, बंद आढळला तर सवलत जाते. ते योग्यच आहे.

कंपन्या आणि क्लब

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. पर्यावरण हा विषय त्यात बसतो. अडचण अशी की गल्लीच्या मंडळाला किंवा गृहनिर्माण सोसायटीला हा पैसा घेता येत नाही. घेणारी संस्था नोंदणीकृत न्यास, नोंदणीकृत सामाजिक संस्था किंवा कलम ८ खालची ना-नफा कंपनी असावी लागते, तिच्याकडे १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या असाव्या लागतात, तीन वर्षांचं काम असावं लागतं आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक असावा लागतो. नवीन न्यास काढून तीन वर्षं थांबण्यापेक्षा शहरातली जुनी, विश्वासाची संस्था शोधा, तिच्या नावाने अर्ज करा आणि आपसात लेखी करार करा: पैसा तिच्या खात्यात, काम तुमच्याकडे, हिशेब दोघांकडे.

या मार्गाचं मोठेपण वेगळं आहे. पगार आणि प्रशिक्षण यांना पैसे देणारा हाच जवळजवळ एकमेव स्रोत आहे. म्हणून कंपनीकडे हौद मागू नका. हौद सरकारी निधीतून बांधा आणि कंपनीकडून अठरा महिन्यांचा कामगार-खर्च मागा. कंपन्यांची वर्षाची आखणी एप्रिल-मे-जूनमध्ये होते, पण जानेवारीनंतरही एक फोन करून पाहा. वर्षअखेर रक्कम शिल्लक असते आणि कागद तयार असलेला प्रकल्प त्यांनाही हवा असतो. रोटरी, लायन्ससारखे क्लब रकमेने लहान असले तरी वजनकाटा, गमबूट, शंभर डबे अशा वस्तू पटकन देतात, आणि त्यांचे सदस्य खरोखर येऊन काम पाहतात.

अर्जात काय लिहायचं

चार पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या परिच्छेदात सगळं आलं पाहिजे. आमच्या गल्लीच्या अर्जाची सुरुवात अशी होती:

‘आमच्या गल्लीतील ८४ घरांतून रोज सरासरी ४० किलो ओला कचरा निघतो (पंधरा दिवसांच्या मोजणीची नोंद सोबत). वर्षाला हा सुमारे साडेचौदा टन होतो आणि सध्या तो गाडीतून डेपोवर जातो. उद्यानाच्या आवारात सहा हौद बांधून हा कचरा जागच्या जागी जिरवता येईल आणि वर्षाला सुमारे तीन टन खत मिळेल. बांधकाम व साहित्यासाठी १,९६,००० रुपयांची मागणी आहे. रोजचा चालवण्याचा खर्च रहिवासी स्वतः उचलतील, त्याचा हिशेब पान ३ वर आहे.’

शेवटचं वाक्य वाचून अभियंत्यांनी मान वर करून पाहिलं होतं.

पान तीनवर काय होतं ते सांगतो, दर तुमच्या गावचे घाला. एका ताईंचं रोज दोन तासांचं काम, महिना ७,५०० रुपये. भुसा, कल्चर, हातमोजे मिळून १,५००. म्हणजे वर्षाला १,०८,०००. जमा बाजूला ८४ घरांचे महिना शंभर रुपये, वर्षाला १,००,८००. तीन टनांतलं अर्धं खत वर्गणी भरणाऱ्या घरांना आणि उद्यानाला फुकट, उरलेलं दीड टन किलोला दहा रुपयांनी, म्हणजे १५,०००. जमा १,१५,८००. हाताशी ७,८०० उरतात आणि दहा-बारा घरांनी एखाद-दोन महिने वर्गणी चुकवली तरी पगार थांबत नाही. खताच्या विक्रीवर सगळा डोलारा उभा करू नका. खत म्हणून शिक्का मारून पिशव्या विकायच्या तर खत नियंत्रण आदेशाची मानकं लागू होतात. ओळखीच्या घरांत, कुंड्यांसाठी देणं एवढंच धरा.

सोबत जोडायचं: जागेचा उतारा, ना हरकत पत्रं, ठराव, शेजाऱ्यांची संमती, वहीच्या झेरॉक्स, चक्राची आकृती, जागेचे फोटो, आणि अंदाजपत्रक. अंदाजपत्रक चालू जिल्हा दरसूचीवर हवं, म्हणून ते शाखा अभियंत्यांकडूनच करून घ्या. ठेकेदाराचं कोटेशन जोडलेला अर्ज फिरून परत येतो. प्रत्येक पानाला क्रमांक द्या, पोच घ्या, आवक क्रमांक वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावरून फाइल कुठल्या टेबलावर आहे ते जाऊन विचारा, फोनवर नाही. अडलीच तर मागच्या वर्षी याच शीर्षाखाली कोणती कामं मंजूर झाली याची यादी माहितीच्या अधिकारात मागा. त्या यादीवरून कळतं की कसली कामं मंजूर होतात आणि किती रकमेची.

मंजुरीपासून पहिल्या चाळणीपर्यंत

प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. हे चार शब्द ऐकू येईपर्यंत काहीही बांधू नका. उत्साहात आधी खड्डा खणला तर त्या खर्चाचं बिल निघत नाही. बांधकाम सुरू झालं की रोज एक जण तिथे असावा. हौदाचा तळ नाल्याच्या दिशेने उतरता नको, पाझर धरायला एक छोटी टाकी हवी, जाळीच्या विटांमधल्या फटी मुठीएवढ्या मोठ्या नकोत, नाहीतर उंदीर शिरतात. या गोष्टी मोजमाप पुस्तिकेत मोजल्या जात नाहीत, त्या तुम्हालाच पाहाव्या लागतात.

पहिला हौद भरायला घ्याल तो दिवस पावसाळ्यातला नसावा. तळाला अर्धा फूट काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, वर पाला, त्यावर जुन्या खताचा किंवा शेणकाल्याचा हात, मग रोज एक थर ओला, एक थर पाला. ओला कचरा कधीही उघडा सोडायचा नाही, शेवटचा थर नेहमी पाल्याचा. चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला तर ढीग कामाला लागला. कोमट असेल तर हवा कमी आहे, फावड्याने उलटा. मूठभर माल घट्ट दाबा: बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर झारीने पाणी मारा. अळ्या दिसल्या म्हणून घाबरून औषध मारू नका, सुका पाला घाला आणि झाकून ठेवा. वासाची तक्रार आली तर त्याच दिवशी, त्या घरी जाऊन सांगा की काय केलं.

वजनाची वही थांबवू नका. रोजचा आकडा, मिसळलेल्या प्लॅस्टिकचा आकडा, ताईंची हजेरी, दर महिन्याचा जमाखर्च. निधी देणाऱ्याला वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लागतं. ते या वहीतून एका संध्याकाळी तयार होतं, वही नसेल तर दोन महिने जातात आणि पुढचा हप्ता अडकतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच कोपऱ्यातून एक फोटो काढा.

साधारण अडीच-तीन महिन्यांनी पहिला हौद उघडाल. माल काळपट, हाताला गार, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येणारा असावा. बोराएवढ्या जाळीतून चाळा. वर राहिलेल्या काटक्या आणि कोयी पुढच्या हौदाच्या तळाला जातात. पहिल्या चाळणीतला एक किलो माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. कर्ब-नत्राचं प्रमाण वीसच्या खाली आलं असेल तर ते पिकलं आहे, आणि तो अहवाल पुढच्या अर्जाला जोडायचा सगळ्यात वजनदार कागद आहे. उरलेलं खत किलो-किलोच्या पुड्यांत बांधा आणि आधी त्या पाच-सहा शेजारच्या घरांना नेऊन द्या, ज्यांनी संमतीच्या कागदावर सही केली होती. ताईंना सोबत घेऊन जा, पुड्या त्यांच्या हातून द्या.